फक्त एकाविरुद्ध

सेंट जॉन्सच्या कोर्टात सहा आठवडे
मी ज्युरीतल्या सातव्या खुर्चीत बसले.
एरवी शाळेची बस चालवते.
मागच्या बाकावर काय शिजतंय
ते आरशात एका नजरेत ओळखते,
आणि बस थांबवून नाव घेते.
कोर्टात तसं चालत नाही.

आरोप असा की ड्रोक कोव्हचा मासे गोठवायचा कारखाना
दोघांनी मिळून जाळायचं ठरवलं.
अल्फियस नॉफ्टल, आणि त्याच्या बहिणीचा नवरा डर्मट कीपिंग.
आगीचा खटला वेगळा.
हा खटला ‘ठरवलं’ या एका क्रियापदाचा.
सरकारी वकील म्हणाले, कटाला कागद लागत नाही,
नुसती मान हलली तरी पुरते.
टाळी एका हाताने वाजत नाही, कबूल,
पण ही टाळी ऐकली कुणी?

पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात एक मंगळवार होता.
दोन पिकअप शेजारी शेजारी, तोंडं उलट दिशांना,
काचा खाली, इंजिनं चालू.
चार मिनिटं. आवाज नाही.
आमच्याकडे सगळे असेच बोलतात:
खेकड्याचा भाव, कुणाचा गुडघा,
खाडीतला बर्फ कधी हलणार.
घरी जाऊन मी घड्याळ लावलं.
चार मिनिटांत चहा मुरतो.
एवढ्यात कारखाना जाळायचं ठरत असेल?
ठरतही असेल. माझं लग्न याहून कमी वेळात ठरलं.

मग एका सकाळी आम्हाला बाहेर काढलं.
तीन दिवस. बारा माणसं, एक किटली,
आणि दीपस्तंभाचं जिगसॉ, ज्याचा दिवाच हरवलेला.
भिंतीपलीकडे ठरत होतं
अल्फियसचा कबुलीजबाब आमच्या कानांवर पडू द्यायचा की नाही:
तो स्वतःहून बोलला, की बोलता केला गेला,
कुणी धाक दाखवला का, कुणी आशा.
आम्ही बिस्किटं मोजून वाटून घेतली.

परत आलो तर पडदा लावलेला.
चित्रफितीतल्या भिंतीवर रात्रीचे पावणेदोन.
त्याआधीचं जे काही होतं
ते बहुधा त्या तीन दिवसांतच संपलं.
अल्फियसने टोपीला नाक पुसलं, म्हणाला,
“डर्मट बोलला विमा आहे. कॅन मी आणला.”
एका दमात दोन माणसं.

न्यायमूर्ती राइडआउट चष्मा काढून सावकाश बोलल्या,
घसरड्या पायरीवर मी मुलांशी बोलते तशा.
हे विधान अल्फियसविरुद्ध वापरा.
डर्मटविरुद्ध वापरू नका.
डर्मटपुरतं ते तुम्ही ऐकलेलंच नाही.

माझी आई अशाच कारखान्यात कॉड चिरायची.
म्हणायची, काटा एका झटक्यात निघतो,
वास रविवारपर्यंत राहतो.
त्या रात्री मी ते वाक्य चिरायला घेतलं.
डर्मट काढून ठेवला.
उरलं: बोलला विमा आहे, कॅन मी आणला.
कोण बोलला?
कर्त्याच्या जागी भोक, आणि भोकाला डर्मटचाच चेहरा.

नंतर बंद खोलीत आम्ही काय बोललो
ते सांगितलं तर मीच गुन्हेगार ठरेन.
तिथे कोण रडलं, कुणी टेबलावर हात आपटला, विचारू नका.
निकाल पेपरात आलाच:
अल्फियस दोषी, डर्मट सुटला.
बहीण कोर्टाच्या दारात उभी होती,
भावाच्या गाडीकडे बघावं की नवऱ्याच्या, तिला सुचेना.

मे महिन्यात, पोरं सोडून परत येताना,
डिझेल भरायला पंपावर थांबले.
एक पिकअप उलट दिशेने येऊन बाजूला लागली.
काच खाली गेली. डर्मट.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
म्हणाला, “बर्फ लवकर गेला यंदा.”

मी मान हलवली.

वर कॅमेरा होता.